बाहेर म्हणजे कुठे?

जळगावात मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, अजून लग्न का नाही हेही विचारलं नाही. जिन्याखालच्या खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "चहा पिता का?"

मला वाटलं चहा टाकायला सांगतायत. मी म्हटलं, "पिते की."

"चोथा कुठे टाकता?"

चहाच्या चोथ्याची चौकशी तोवर माझ्याकडे कुणी केली नव्हती. "कुठे म्हणजे? डब्यात. आणि डबा बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

गृहस्थ शांतपणे वाट बघत होते. चेष्टेचा लवलेश चेहऱ्यावर नव्हता. खरोखरच माहिती हवी असल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. शेवटी मी चिडून म्हटलं, "घंटागाडीत!" त्यावर ते म्हणाले, "आणि घंटागाडी कुठे?" मग मी पर्स उचलली आणि निघाले. फाटकापर्यंत गेले, वर बघितलं, तर खोलीवर कडुनिंबाची गच्च सावली होती. मे महिना होता. जळगावच्या मे महिन्यात सावलीसाठी माणूस काय वाटेल ते कबूल करतो. मी परत फिरले आणि अट मान्य केली. अट अशी, की या घरातून कचरा म्हणून जे काही फाटकाबाहेर जाईल, ते आधी त्यांना दाखवायचं.

सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची, मीही म्हणू लागले. उंच, काटकुळे, चालताना किंचित पुढे झुकलेले. सदऱ्याला त्यांनी शिंप्याकडून एक जास्तीचा खोल खिसा लावून घेतला होता आणि त्यात कायम एक स्टीलचा पेला असायचा. तो कशासाठी ते पुढे सांगते. माझ्याशी बोलताना ते अगदी कचेरीतलं मराठी बोलायचे, 'आपण', 'कृपया' वगैरे घालून. शिरपूरला राहणाऱ्या धाकट्या भावाचा, आप्पांचा फोन आला की मात्र एकदम अहिराणी सुरू व्हायची, आवाज दुप्पट मोठा आणि माणूस निम्म्या वयाचा व्हायचा. अहिराणी घरच्यांसाठी आणि मराठी बाहेरच्यांसाठी, अशी त्यांची सरळ वाटणी होती. मी सोलापूरकडची, विम्याच्या ऑफिसात बदली होऊन आलेली, त्यामुळे माझ्या वाट्याला मराठी आलं.

पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. दुधाच्या पिशवीचा कोपरा मी कात्रीने कापला आणि तो नखाएवढा तुकडा मोरीत गेला. नाना जाळीतून तो वेचून, धुऊन, बशीत घालून वर घेऊन आले. "हे तुमचं राहिलं," म्हणाले. मग पिशवीला चीर कशी द्यायची, की कोपरा पिशवीलाच लटकून राहील, याचं प्रात्यक्षिक झालं. मी मुळात भांडखोर आहे. मी म्हटलं, "नाना, एवढ्याशा तुकड्याने जगाचं काय बिघडणार आहे?"

ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "ताई, माझी सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात गेली. राखेच्या विभागात. लोक बटण दाबतात, दिवा लागतो. चांगलं आहे, लागलाच पाहिजे. पण कोळसा जळला की राख उरतेच, आणि ती कुठेतरी ठेवावीच लागते. ते 'कुठेतरी' बघायची माझी ड्यूटी होती. त्यामुळे मला 'बाहेर' हा शब्द कळत नाही. सगळ्यांचं बाहेर म्हणजे माझी ड्यूटी."

मी कात्री जागेवर ठेवली. पण 'एवढासा तुकडा' या विषयावरची भांडणं पुढे वर्षभर चालली.

त्यांच्या घरात कचऱ्याचे तीन रस्ते होते. ओलं ते मागच्या अंगणातल्या खड्ड्यात. खड्डा कंबरभर खोल, वर शहाबादी फरशी झाकलेली, आणि शेजारी केळीचं बेट. विकलं जाईल ते भंगारवाल्याला. आणि ज्याचं काहीच करता येत नाही, म्हणजे वेफर्सची पाकिटं, गोळ्यांच्या पट्ट्या, शाम्पूच्या पुड्या, असलं सगळं जिन्याला टांगलेल्या एका गोणपाटाच्या पोत्यात. त्या पोत्याला ते 'पाहुणे' म्हणत. "पचत नाहीत, जात नाहीत," असं त्यांचं म्हणणं. पाहुणे फार झाले की नाना उदास व्हायचे आणि मला ऐकवायचे, "या महिन्यात तुमच्याकडचे पाहुणे जास्त दिसतात." मग मी चार दिवस लाजून भुईमुगाच्या शेंगा भाजून खायची.

सकाळी घंटागाडी गाणं वाजवत आली, की नाना फाटकात दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. गाडीवाला विचारायचा, "आज काय, नाना?" "काही नाही!" हे 'काही नाही' ते इतक्या तोऱ्यात म्हणायचे, की समोरच्या बंगल्यातल्या बाई पिशवी पदराआड धरून गाडीपर्यंत जायच्या. फक्त फुटकी काच असली तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहून, गाडीवाल्याच्या हातात द्यायचे. हात कापू नये म्हणून. त्या बाबतीत हट्ट नव्हता.

आता पेल्याचं. लग्नाला जाताना नाना अहेर विसरतील, पण पेला विसरत नसत. पंगतीत कागदी ग्लास आला की ते खिशातून पेला काढून पुढे करायचे. एका लग्नात वाढप्याने तो मांडववाल्याचा समजून परत घेतला, तर नवरदेवाच्या वरातीपेक्षा मोठा घोळका त्या पेल्यामागे फिरला. हलवायाकडे जिलबी आणायला ते डबा घेऊन जात. पनीरवाल्याकडे डबा, फरसाणवाल्याकडे डबा. "नाना आले की मी आधी काट्यावर डबाच ठेवतो," असं फरसाणवाला मला कौतुकाने सांगायचा. त्याला स्वतःला ती सवय लागली होती. इतर गिऱ्हाइकांनाही तो विचारू लागला होता, "डबा आणला का?"

हिवाळ्यात आमच्या ऑफिसची भरीत पार्टी निघाली. जळगावात थंडी पडली की माणसं शेतात जमतात, तुरकाठ्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजतात, लाकडी बडग्याने ठेचतात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. नानांना भरताचा शौक, म्हणून मी त्यांना बरोबर नेलं. शेतमालकाची केळीची बाग हाकेच्या अंतरावर, तरी आमच्या साहेबांनी शहरातून थर्माकोलच्या ताटल्या आणल्या होत्या. मला वाटलं, आता हे 'बाहेर म्हणजे कुठे' सुरू करणार. पण नानांनी एक भाकरी हातावर घेतली, तिच्यावर भरीत घेतलं, मिरचीचा ठेचा घेतला, आणि बांधावर बसून खाऊ लागले. भरीत संपलं, मग ताट खाल्लं. हात झटकले आणि साहेबांना म्हणाले, "माझं झालं बरं का. काही राहिलं नाही." साहेब आपल्या हातातल्या ताटलीकडे बघत बसले. पुढच्या वर्षी पार्टीला केळीची पानं होती.

असं वाचून कुणाला वाटेल की नाना फार शहाणे होते. तसं नव्हतं. त्यांच्या चुकाही सणसणीत असत. एका उन्हाळ्यात त्यांनी लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी बाटल्यांत भरून, झाकणं घट्ट लावून त्या गच्चीत मांडल्या. फरशी पुसायला औषध तयार होतं म्हणे. रोज झाकण सैल करून वायू सोडायचा असतो, हे ते विसरले. ऐन दुपारी गच्चीवर असा धडाका झाला, की समोरच्या बाई 'सिलिंडर! सिलिंडर!' ओरडत रस्त्यावर आल्या. माझं वाळत घातलेलं अंथरूण आठवडाभर लिंबाच्या लोणच्यासारखं वास मारत होतं. नाना चाळणी घेऊन गच्चीतल्या साली वेचत होते. "वाया नाही जाणार," म्हणत होते. खड्ड्यात सुरुवातीला अळ्या झाल्या, उंदीर आले, मुंगूस आलं. "आमंत्रण कोणालाच नव्हतं," नाना म्हणायचे, "पण सगळे सहकुटुंब आले." मग वाळका पाला टाकायचं त्यांना कुणीतरी शिकवलं आणि खड्डा सुधारला.

खड्ड्याची खरी गोष्ट मात्र मला श्रावणात कळली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शनिवारीच आप्पा आणि त्यांच्या बायको, म्हणजे काकू, शिरपूरहून आले. खाली चौरंग धुतला गेला, नारळाला नथ चढली. रविवारी पुरणाचा असा घमघमाट सुटला, की मी वर पोळी-भाजी करायचा विचारच सोडून दिला. जे नाना केळीचा एक पिकला घडही मला दिल्याशिवाय खात नाहीत, ते आज ताट पाठवल्याशिवाय राहणार नाहीत, याची मला खात्री होती. मी वाट बघत बसले. दुपार टळली. शेवटी स्वतःच खाली गेले, तर नानांनी दार अर्धवट लोटून घेतलं आणि फार ओशाळून म्हणाले, "ताई, रागावू नका. हे रोट आहेत. कानबाईचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचं, ते दळून स्वयंपाक करायचा, आणि फक्त भाऊबंदांनी खायचं. बाहेर देता येत नाही."

भूक लागली होती आणि अपमानही वाटला होता. मी म्हटलं, "नाना, बाहेर म्हणजे कुठे?"

उत्तराला न थांबता मी तरातरा वर गेले आणि पोहे करून खाल्ले.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. आप्पा-काकू दोन दिवस राहून गेले आणि नाना रोटाबरोबर एकटे उरले. रोटाचे नियम आमच्या नानांच्या घरी फार कडक होते. पौर्णिमेच्या आत सगळं संपलंच पाहिजे. फेकायचं नाही, गाईला घालायचं नाही, बाहेरच्याला द्यायचं नाही. जेवून हात धुतले ते पाणीसुद्धा मोरीत जाता कामा नये. अंगणात खड्डा करायचा, उष्टं आणि हात धुतलेलं पाणी त्यात जायचं, आणि शेवटी तो बुजवायचा. कचऱ्याचा एक कण घराबाहेर जाऊ न देणारा असा सण नानांनीच शोधून काढला असावा, असं मला वाटलं. पण झालं होतं उलटंच. पुतणे, चुलतपुतणे, त्यांची मुलं, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, कोणी परदेशात. येत कोणीच नव्हतं, पण सव्वा मूठ सगळ्यांच्या नावाची निघत होती. खाणारे तिघे आणि पुरण वीस जणांचं.

नाना सकाळी पोळी दुधात कुस्करून खायचे, दुपारी दह्याबरोबर, रात्री कढीबरोबर. एकदा ते डबा घेऊन एसटीने शिरपूरला जाऊन आले आणि आप्पांनी तोही डबा अर्धा परत पाठवला. संध्याकाळी खालून फोनवरचा आवाज यायचा, "हाई बठ्ठं कोन खाई?" हे सगळं खाणार कोण? पलीकडे पुण्याचा पुतण्या असायचा. त्याला मीटिंग असायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नानांच्या पोटात असं दुखू लागलं, की मी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" नाना म्हणाले, "घरचंच." डॉक्टरांनी पुरण वर्षभर बंद केलं. येताना रिक्षात ते मला म्हणाले, "सांगू नका कोणाला, पण आजची एक पोळी राहिली आहे." आणि घरी येऊन ती त्यांनी खाल्लीच. मी आरडाओरडा केला. त्यांनी अंगणात जाऊन खड्ड्यावर हात धुतले आणि तिथेच फरशीवर बसून राहिले.

तेव्हा त्यांनी सांगितलं. हा खड्डा त्यांच्या बायकोने खणला होता. दर श्रावणात त्याच खणायच्या आणि पौर्णिमेला त्याच बुजवायच्या. एका वर्षी खड्डा बुजवायच्या आधी आजारी पडल्या आणि दवाखान्यातून परत आल्या नाहीत. "तो उघडाच राहिला," नाना म्हणाले. "ती बुजवणार होती. मी कशाला बुजवू? मला फक्त चहा करता यायचा. मग मी चोथा त्यात टाकायला लागलो. रोज सकाळी चोथा टाकायला गेलं, की तिथे दोन मिनिटं उभं राहता यायचं." मग चोथ्यामागून साली गेल्या, सालींमागून देठं, आणि केळीचं बेट आपोआप उभं राहिलं. मी त्यांना पहिल्या दिवशी वेडं ठरवून निघाले होते, ते मला आठवलं. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं कारण आत्ता कळत होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

पुढच्या श्रावणाआधी आप्पा एकटेच आले. दोघे भाऊ ओट्यावर बसले होते आणि मी जिन्यात तांदूळ निवडत होते. तोवर मला अहिराणी बऱ्यापैकी कळू लागली होती.

"नाना, आते बंद करी टाकू," आप्पा म्हणाले. "पोरे येतस नही. आपलाघाई व्हत नही. मांगला साल तू मरता मरता वाचना." मुलं येत नाहीत, आपल्याच्याने होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मंग त्येस्न्या मुठी नको लेऊ का? जित्ता मानूसनी मूठ कशी सोडू मी?"

जिवंत माणसाची मूठ सोडायची म्हणजे त्याला मेल्यात जमा करायचं. तेही नको आणि एवढं अन्न वाया घालवायचं, तेही नको. आप्पा गेल्यावर नाना जिन्याशी आले. मला म्हणाले, "ताई, यंदा शेवटचं. यंदा रोट उरले, तर पुढच्या वर्षी चौरंग मांडायचा नाही. माझ्या घरात तिच्या देवीचं अन्न फुकट जाणार असेल, तर मी तिला बसवू कशाला?" त्यांनी हे फार साध्या आवाजात सांगितलं. मला रात्री जेवण गेलं नाही. कानबाई माझी नव्हती, पण तो खड्डा आता थोडा माझाही होता.

नागपंचमी झाली. शनिवारी आप्पा-काकू आले. गव्हाची आणि हरभऱ्याच्या डाळीची परात ओट्यावर आली. आप्पा एकेक नाव घेणार आणि नाना मूठ काढणार, अशी रीत. मी जिन्यातच होते. पहिली मूठ नानांची, दुसरी आप्पांची. मग आप्पांनी पुण्याच्या पुतण्याचं नाव घेतलं. नानांनी परातीत हात घातला आणि दोन बोटांत मावतील तेवढे दाणे उचलले.

"हाई काय?" आप्पा म्हणाले. "चिमूट?"

"जो येई, त्यानी मूठ. जो येनार नही, त्यानी चिमूट. सोडं ते नही ना मी कोनले?"

आप्पांना पटलं नव्हतं, पण काकू आतून म्हणाल्या, "बरोबर शे." मग सुरतेची चिमूट, नाशिकची चिमूट, परदेशाची चिमूट. सगळी नावं झाली. परातीपुढे छोटासा ढीग पडला. आता परात उचलायची, तर नानांनी मान वर केली आणि जिन्याकडे बघितलं.

"ताई, खाली या."

मी खाली गेले. नानांनी परातीत हात घातला आणि मूठ काढली, भरगच्च. वर पाव मूठ आणखी. आप्पा दचकून म्हणाले, "नाना! त्या ताई भायेरन्या शेतस ना!"

"भायेर म्हणजे कोठे?"

हा प्रश्न आप्पांनी आयुष्यभर ऐकला असणार. पण नाना या वेळी थांबले नाहीत. "वरीसपाईन हिनं उष्टं आपला खड्डामा पडस. आपलं बी तठेच पडस. मंग भाऊबंद कोन? ही, का पुनामा बशीसन फोन करस तो?"

ज्यांचं उष्टं एका खड्ड्यात जातं ते भाऊबंद, असा तो कायदा होता. नानांनी तो तिथल्या तिथे केला होता, की वर्षभर मनात धरला होता, मला ठाऊक नाही. आप्पा काकूंकडे बघू लागले. शेवटी देवघर आणि चूल त्यांच्या हातात होती. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर नानांचा कायदा ओट्यावरच संपला असता. मी तर म्हणायलाच निघाले होते, की राहू द्या नाना, मला कशाला. काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग ढीग सुपात भरला, माझी मूठ आणि त्यांच्या नवऱ्याची मूठ एकत्र करून.

"पोया लाटता येतस का तुले?" त्यांनी विचारलं.

"येतात," मी म्हटलं. खरं तर पुरणाच्या पोळ्या मला येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना ते कळलं. माझी पहिली पोळी फुटली, दुसरी फुटली, तिसरीला काकूंनी माझ्या हातून लाटणं काढून घेतलं आणि मला गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरायला बसवलं. फुटलेल्या पोळ्या अर्थातच फेकल्या नाहीत. त्या माझ्याच ताटात वाढल्या गेल्या. रात्री जागरणाला काकू गाणी म्हणत होत्या, आणि मला एकही येत नव्हतं म्हणून मी नुसत्या टाळ्या वाजवत होते.

सोमवारी विसर्जन झालं. आप्पा-काकू गेल्यावर रोज ऑफिसच्या डब्यात मी पोळी नेऊ लागले, आणि तिथे हात धुतलेलं पाणी बाटलीतून परत खड्ड्यात आणू लागले. कोणी हात पुढे केला, की म्हणायची, "हे देता येत नाही, आमचे रोट आहेत." साहेब म्हणाले, "तुमचे? तुम्ही तर सोलापूरच्या ना?" मी म्हटलं, "आमच्या कॉलनीतल्या." नानांचं पथ्य होतं, म्हणून पुरण मी खायचं आणि रोटाबरोबरची खीर त्यांनी. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, पातेल्यात चमचाभर खीर आणि टोपलीत अर्धी पोळी होती. ती आम्ही खाल्ली. नानांनी पातेलं वाकडं करून बघितलं, बोटाने पुसलं, परत बघितलं.

"काही नाही," ते म्हणाले. घंटागाडीवाल्याला सांगायचे तसंच.

आम्ही अंगणात गेलो. एकमेकांच्या हातावर पाणी घातलं आणि खड्ड्यात हात धुतले. नानांनी फरशी ओढून घेतली आणि तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ बसले. मी त्यांना एकट्यांना बसू दिलं.

पुढची गंमत कुणाला अपेक्षित नव्हती. आपली मूठ चिमूट झाली, ही बातमी काकूंनी फोनवरून पुण्याला, सुरतेला, सगळीकडे पोचवली. विनवण्या करून जे कधी जमलं नव्हतं, ते या अपमानाने जमलं. पुण्याचा पुतण्या पुढच्या श्रावणात बायकापोरांसकट दारात उभा. सामान खाली ठेवायच्या आधी विचारतो, "नाना, माझी चिमूट कशी काय केली?" नाना म्हणाले, "उना ना आते? मंग हात पुढे कर." आला म्हणजे मूठ, इतका साधा हिशोब. त्याच्या मुलीने विचारलं, की माझी मूठ कुठे, आणि नानांनी तिचीही काढली. एकदा माझी काढल्यावर मुलींना नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. सुरतेचे अजून चिमटीतच आहेत, पण यंदा येतो म्हणतात.

माझी बदली होऊन धुळ्याला दोन वर्षं झाली. इथे तिसऱ्या मजल्यावर राहते, अंगण नाही. गॅलरीत भोकं पाडलेला एक माठ आहे, त्यात चोथा जातो, साली जातात, वाळका पाला जातो. शेजारीण येऊन नाक मुरडून गेली, मग एक दिवस स्वतःच भेंडीची देठं घेऊन आली. दुधाच्या पिशवीचा कोपरा मी आजही पिशवीला लटकता ठेवते. 'पाहुण्यांची' पिशवी दाराला टांगली आहे, ती अजून म्हणावी तशी बारीक होत नाही.

परवा नानांचा फोन आला. मला वाटलं, नेहमीसारखं 'ताई, आपण कशा आहात' येणार. पलीकडून शिरपूरला बोलतात तसा मोठा आवाज आला.

"काय करी ऱ्हायनी बेटा? नागपंचमी उनी, ध्यानमा शे ना? शनवारले ये. उनी नही ते तुन्ही बी चिमूट करी टाकसू!"

फोन ठेवला आणि तिथल्या तिथे रजेचा अर्ज टाकला. चिमूट व्हायची माझी मुळीच तयारी नाही.